नागोयाचं तोकुगावा म्युझियम: हिना बाहुल्यांपेक्षा त्यांच्या संसाराला जास्त वेळ द्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानला येणार असाल किंवा नागोयाच्या आसपास राहत असाल तर तोकुगावा आर्ट म्युझियममधलं हिनामात्सुरीचं प्रदर्शन अजिबात चुकवू नका. 3 मार्च हा इकडे मुलींचा सण, घरोघरी बाहुल्या मांडतात, आणि या म्युझियममध्ये दरवर्षी साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ओवारी तोकुगावा घराण्याच्या बाहुल्या बाहेर निघतात. तोकुगावा म्हणजे शोगुनांचं (जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांचं) घराणं, ओवारी ही त्यांची नागोयाची शाखा, त्यांनीच घरातला ठेवा एकत्र ठेवून 1935 मध्ये हे म्युझियम उघडलं, त्यामुळे कुठली बाहुली घरातल्या कुठल्या बाईची होती हे इथे नावानिशी कळतं आणि त्यानेच बघण्यात जीव येतो.

सगळे फोटो बघून येतात ती भव्य पायऱ्यांची मांडणी, मेइजी, ताइशो आणि शोवा काळातल्या (म्हणजे 1868 नंतरच्या) घरच्या सुनांच्या बाहुल्या, उंची 2 मीटर आणि रुंदी 7 मीटर. भारीच आहे, पण माझं प्रामाणिक मत सांगते, तिथे पाच मिनिटं थांबा आणि वेळ राखून ठेवा तो हिना-दोगूसाठी, म्हणजे बाहुल्यांच्या चिमुकल्या सामानासाठी.

19व्या शतकात साचिगिमी नावाची मुलगी क्योतोच्या कोनोए या मोठ्या सरदार घराण्यातून इथे लग्न होऊन आली, तिचं सामान बघा. काळी लाख, त्यावर सोन्याची पूड शिंपडून काढलेल्या शेवंतीच्या डहाळ्या, आणि त्यात माहेरचं पिओनीच्या फुलाचं चिन्ह. फडताळं, आरशाचं स्टँड, वाद्यं, गो खेळायचा पट, एवढंच काय दात काळे करायचं सामानसुद्धा (तेव्हा तिथे लग्न झालेल्या बायका दात काळे करायच्या). ज्या नक्षीचं तिचं खरं मोठं सामान, त्याच नक्षीचं हे छोटं. माझ्यासोबत आई होती, ती काचेला नाक लावून म्हणाली, "अगं हे तर रुखवतच!" आणि तिथून हलेचना.

त्यात शिंपले ठेवायचे डबे नक्की शोधा, अष्टकोनी असतात, जोडीने ठेवलेले. शिंपल्याचे दोन अर्धे फक्त एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या कुठल्या शिंपल्याला नाही, म्हणून ते नवरा-बायकोच्या निष्ठेचं चिन्ह मानायचे आणि वरातीत मानाने सगळ्यात पुढे हे डबे न्यायचे. एवढ्याशा डब्यावरही दोरी बांधून तिचे गोंडे सोडलेत, तेही अगदी मापात!

बाहुल्यांमध्ये युसोकु-बिना हा प्रकार चुकवू नका. यांचे कपडे दरबारातल्या खऱ्या नियमाने शिवलेले, हुद्दा आणि वय बघून रंग आणि नक्षी ठरायची. आणि कापड मोठ्या थानातून कापून घेतलेलं नाही, बाहुलीच्या मापाला शोभेल अशी बारीक नक्षी मुद्दाम विणून घेतलेली. चेहऱ्यावर शिंपल्याच्या भुकटीचा लेप असतो, त्यामुळे ते पांढरेपण खडूसारखं कोरडं न वाटता मऊ वाटतं. मला तरी आजच्या दुकानातल्या गोल गुबगुबीत चेहऱ्यांपेक्षा हे शांत लांबट चेहरे कितीतरी जास्त आवडले.

त्याच म्युझियममध्ये चियोहिमेचं हात्सुने नावाचं लग्नाचं सामान पण आहे, राष्ट्रीय ठेवा आहे तो, त्यातलं काही मांडलेलं असेल तर आधी ते बघून मग छोट्या सामानाकडे या. चियोहिमे तिसऱ्या शोगुनची मुलगी, 1639 मध्ये लग्न झालं तेव्हा धड तीन वर्षांचीही नव्हती, हे डोक्यात ठेवून ते सामान बघताना पोटात कालवतं.

जुनं रेशीम आणि लाख जपायची म्हणून उजेड मंद असतो, आईबाबांना नेणार असाल तर जवळचा चष्मा आठवणीने घ्या. ओझोने स्टेशनच्या दक्षिण गेटमधून चालत दहा मिनिटं. शेजारीच तोकुगावा-एन बाग आहे, पण ती नंतर करा, पाय ताजे असताना म्युझियम. 3 मार्चच्या आसपासचे शनिवार-रविवार टाळा, कारण हे सामान गर्दीत लांबून बघण्यात काही अर्थ नाही. सोमवारी बंद असतं, सोमवारी सरकारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी बंद, म्हणून निघायच्या आधी त्या वर्षीच्या तारखा साइटवर बघून घ्या.