पुणे विद्यापीठात विज्ञानाचं संशोधन: शेजार अव्वल, नमुन्याची काळजी तुमची

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विज्ञान विभागांचं बळ एका इमारतीत मोजता येत नाही. गणेशखिंडीच्या आवारात भौतिकी, रसायन, जीवशास्त्राचे विभाग आहेत आणि त्याच आवारात आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) आणि पेशी विज्ञानाचं राष्ट्रीय केंद्रही आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था पाषाणला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. इतका शेजार लाभलेली राज्य विद्यापीठं देशात फार नाहीत.

खगोलशास्त्राला तर पूर्ण गुण द्यावेत. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केलेली आयुका मुळातच सगळ्या विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यामुळे लहान गावातल्या महाविद्यालयातला प्राध्यापकही इथे येऊन महिना-दोन महिने काम करू शकतो. पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम आयुका आणि एनसीआरए मिळून शिकवतात. नारायणगावजवळ खोडदला एनसीआरएची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मधोमध दाटीने आणि बाकीच्या तीन बाजूंना पसरलेल्या. निरीक्षणाची वेळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळते. प्रस्तावात नेमका स्रोत, वारंवारिता आणि किती तास का हवेत याचा हिशोब लागतो. 'अभ्यास करायचा आहे' एवढ्यावर काम होत नाही.

रसायन आणि पदार्थविज्ञान या बाजूला मात्र सगळं उपकरणावर आणि नमुन्यावर अडतं. अहवाल वाईट आला की यंत्राला दोष देण्याची सवय आहे, पण बहुतेक वेळा बिघाड टेबलावरच झालेला असतो.

एफटीआयआरचंच बघा, म्हणजे नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो यावरून त्यातले अणुगट ओळखण्याची चाचणी. 1 ते 2 मिलिग्रॅम नमुना आणि 200 मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड एकत्र खलून चकती करायची. ब्रोमाइड आधी 110 अंशांवर काही तास सुकवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात ठेवलेलं हवं. जुलैत पुण्याच्या दमट हवेत बाटली दहा मिनिटं उघडी राहिली तरी पाणी शिरतं, आलेखात 3400 प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद उंचवटा येतो आणि विद्यार्थी तो नमुन्यातलाच हायड्रॉक्सिल (OH) गट समजून प्रबंधात लिहून टाकतो. चकती पांढुरकी, अपारदर्शक दिसली तर मोजूच नका, पुन्हा खला.

एनएमआरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणाऱ्या चाचणीला, प्रोटॉनसाठी 5 ते 10 मिलिग्रॅम नमुना, कार्बनसाठी 20 ते 50, द्रावक साधारण 0.6 मिलिलिटर. नळीत न विरघळलेला कण किंवा लोहाचा अंश राहिला की आलेखातली शिखरं पसरतात. कापसातून गाळायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघताना, शिखरांच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने कणांचा आकार काढतात, पण यंत्रामुळे आलेली जास्तीची रुंदी वजा करायची राहून जाते. मग आकार खऱ्यापेक्षा लहान निघतो, आणि नॅनोकण बनवल्याचा आनंद फुकटचा ठरतो. प्रमाण म्हणून सिलिकॉनचा नमुना त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर चालवून घ्या. एसईएमला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला, ओलसर भुकटी देऊ नका. विद्युतवाहक नसलेल्या नमुन्यावर सोन्यासारख्या वाहकाचा थर सहसा लागतोच, नाहीतर चित्रात पांढरे पट्टे येतात.

प्रवेश घेण्याआधी मार्गदर्शकाच्या शोधनिबंधांच्या यादीइतकंच प्रयोगशाळेकडेही बघा, मग ती कुठल्याही विद्यापीठातली असो. यंत्राशेजारची नोंदवही उघडा: तारीख, नमुना, चालवणाऱ्याचं नाव, बिघाड हे रकाने भरलेले आहेत का? देखभालीचा करार चालू आहे का? एनएमआरच्या चुंबकात द्रव नायट्रोजन दर आठवडा-दहा दिवसांनी आणि हेलियम काही महिन्यांनी भरावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत नायट्रोजन कोण भरतं, हे जरूर विचारा. तो संपला की हेलियम भराभर उडू लागतो आणि चुंबक बसला, म्हणजे त्याची अतिवाहकता गेली, तर दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. हे मार्गदर्शकापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी जास्त नेमकं सांगेल.

सेमिनारला मागच्या रांगेत बसून बघा. वक्ता थांबल्यावर पहिला प्रश्न विद्यार्थी विचारतो की सगळे विभागप्रमुखांकडे बघतात, यावरून तिथली पुढची पाच वर्षं कशी जातील याचा बराच अंदाज येतो.