हाऊस की हॉपकिन्स: आधी कोण वाचावा?

अमेरिकी अध्यक्षांच्या आतल्या गोटातल्या माणसांबद्दल वाचायचंय, पण वेळ एकाच जोडीपुरता आहे? मग माझ्या मते निवड दोघांतच आहे: वुड्रो विल्सनचा कर्नल एडवर्ड हाऊस किंवा फ्रँकलिन रूझवेल्टचा हॅरी हॉपकिन्स.

हाऊस टेक्सासचा, घरचा गडगंज. ‘कर्नल’ ही नुसती मानाची पदवी, फौजेशी संबंध नाही. १९११ मध्ये विल्सनशी ओळख झाली. पुढे विल्सन निवडून आल्यावर मंत्रिपद चालून आलं, ते यानं नाकारलं. तो रोज सेक्रेटरीला सांगून डायरी लिहून घेई आणि त्यात सरळ कबुली आहे, की अध्यक्षांचं काहीही असलं तरी आधी स्तुतीच करायची, म्हणजे त्यांना धीर येतो. याला निष्ठा म्हणावं की धोरणीपणा? मी धोरणीपणाच म्हणेन. ओठात एक आणि डायरीत दुसरं, हे किती दिवस चालणार?

१९१९ मध्ये पॅरिसला, पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेत, ते फुटलं. विल्सन महिनाभर मायदेशी गेला, त्याच्या जागी वाटाघाटींना हाऊस बसला. मार्चमध्ये परतलेल्या विल्सनला वाटलं, आपण मिळवलेलं सगळं यानं देऊन टाकलं. ही हकिगत विल्सनच्या बायकोनं, एडिथनं लिहिली आहे आणि तिला हाऊस आधीपासूनच खपत नव्हता, तेव्हा जरा जपूनच वाचा. पण २८ जूनला व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, त्यानंतर दोघं कधीच भेटले नाहीत, हे मात्र खरं. विल्सन त्यानंतर साडेचार वर्षं जगला.

हॉपकिन्स मूळचा समाजसेवक. १९३७ मध्ये कॅन्सरमुळे त्याच्या जठराचा बराचसा भाग काढला होता. १० मे १९४० ला तो व्हाइट हाऊसमध्ये जेवायला आला. प्रकृती बरी दिसेना, म्हणून रूझवेल्ट म्हणाला, आज इथंच राहा. तो राहिला तो साडेतीन वर्षं! लिंकनची जी अभ्यासिका होती, त्याच खोलीत. पुढं हाच आजारी माणूस अध्यक्षांचा दूत म्हणून लंडनला चर्चिलकडे आणि मॉस्कोला स्टॅलिनकडे गेला.

याला इतका जवळ का करता, असं वेंडेल विल्कीनं (१९४० च्या निवडणुकीतला रूझवेल्टचा प्रतिस्पर्धी) विचारलं होतं. रूझवेल्टच्या उत्तराचा मथितार्थ असा: या दारातून येणारा जवळजवळ प्रत्येक जण माझ्याकडे काहीतरी मागायला येतो, हॅरी काही मागत नाही.

पण इथंही सगळं गोडच होतं असं नाही. हॉपकिन्सनं लग्न केलं, पुढं १९४३ अखेरीस वेगळं बिऱ्हाड केलं. चर्चिल आणि स्टॅलिनबरोबरच्या याल्टा परिषदेहून परतताना, फेब्रुवारी १९४५ मध्ये, आजारपणामुळे तो अल्जियर्सला बोटीवरून उतरला. काँग्रेसपुढच्या (म्हणजे अमेरिकी संसदेपुढच्या) भाषणासाठी तो सोबत हवा होता, म्हणून रूझवेल्टनं निरोपही नीट दिला नाही. तीच त्यांची शेवटची भेट. दोन महिन्यांत रूझवेल्ट गेला.

मी हॉपकिन्स आधी घेईन. विश्वास कसा उडतो, एवढंच बघायचं असेल तर मात्र हाऊस घ्या. त्याची डायरी येल विद्यापीठानं ऑनलाइन ठेवली आहे. ती १९१९ पासून उलटी, मागं मागं वाचत जा.