स्नोबोर्ड रॅकवर ठेवून जेवायला जाताय? कुलूप, टोकन की टॅग

देवळाबाहेर नवी चप्पल काढताना एक पाय या कोपऱ्यात आणि दुसरा त्या कोपऱ्यात ठेवायची युक्ती आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. कॅलिफोर्नियात टाहोच्या बर्फात पहिल्यांदा गेलो तेव्हा स्कीवाले अगदी हेच करताना दिसले. एक स्की या रॅकवर, दुसरी वीस पावलं लांब. जोडी जुळवत बसायला चोराला सवड नसते. पंचाईत आपली, स्नोबोर्डवाल्यांची. आपला बोर्ड एकसंध. उचलला, काखेत मारला, चालू लागला. आणि तिथे जो तो काखेत बोर्ड मारूनच फिरत असतो, त्यामुळे कुणी वळूनही बघत नाही.

बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, चार तास गाडी हाकून जाणाऱ्या आपल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न असतो, जेवायला आत जाताना बोर्डाचं काय करायचं? 1960ची हिवाळी ऑलिंपिक जिथे झाली ते पॅलिसेड्स रिसॉर्ट घ्या नाहीतर हेवनली घ्या, पर्याय साधारण तेच.

सगळ्यात स्वस्त म्हणजे तारेचं कुलूप. मुठीत मावेल एवढी डबी, तिच्यातून बाहेर ओढायची पातळ पोलादी तार आणि तीन आकडे. 15 ते 30 डॉलरमध्ये मिळतं. छोट्या कटरने ही तार काही सेकंदांत तुटते, हे खरं. पण रॅकपाशी येणारा बहुतेक वेळा भुरटा असतो. शेजारी बिनकुलपाचे पन्नास बोर्ड असताना तो तुमच्या तारेशी झटापट कशाला करेल? तार कुठून ओवता, ते मात्र बघा. पुष्कळ जण ती बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला अडकवायच्या साच्याच्या, पट्ट्यातून घालतात आणि निर्धास्त होतात. पट्टा तर बोटाने खटका दाबला की सुटतो! तार टाचेमागच्या कमानीतून घ्यायची, कारण ती तळपट्टीला पक्की जोडलेली असते. दुसरं टोक रॅकच्या बंद चौकटीला बांधायचं. वरून उघड्या खुंट्यांचा रॅक असेल तर तारेचा फास खुंटीवरून सहज निघून येतो. आणि आकडे 000 वर सोडू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. बर्फ वितळून कुलपात पाणी गेलं आणि ते पुन्हा गोठलं तर आकडे फिरत नाहीत. म्हणून वापरात नसेल तेव्हा कुलूप जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचं.

याच्यासमोर टोकनवाला काउंटर म्हणजे आपला चप्पल स्टँडच. बोर्ड द्या, बिल्ला घ्या. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैसे पडतात. सुरक्षिततेत कुलूप याच्या जवळपासही येत नाही. खोट दोनच. दुपारी रांग लागते, आणि काउंटर बंद व्हायची वेळ ठरलेली असते. ती वेळ सकाळीच विचारून ठेवा. अर्ध्या तासाच्या जेवणासाठी मी या रांगेत उभा राहत नाही. पोरं-बाळं सोबत असतील, दोन तास आत बसायचं असेल, तर मात्र सरळ टोकन घेतो.

एअरटॅगवर, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणाऱ्या ॲपलच्या छोट्या चकतीवर, हल्ली फार भरवसा टाकला जातो. तो चोरी थांबवत नाही. चोरी झाल्यावर माग काढायला मदत करतो, तीही आसपास आयफोन असतील तर. रिसॉर्टवर ते ढिगाने असतात, म्हणून चालतं. त्याची मर्यादा उणे 20 अंश सेल्सिअसपर्यंतची, त्यामुळे टाहोची थंडी एरवी सोसते. खरी गोम वेगळीच आहे. कुणी टॅग लावून आपला पाठलाग करू नये म्हणून ही यंत्रणा सोबत चाललेल्या अनोळखी टॅगची सूचना फोनवर देते. म्हणजे चोराच्या खिशात आयफोन किंवा अँड्रॉइड फोन असला तर त्यालाच कळतं, की बोर्डावर टॅग आहे. पायाखालच्या गादीखाली दडवलात तर शोधायला वेळ लागेल, एवढंच. नकाशावर ठिपका दिसला तरी एकट्याने जाऊन ते दार ठोठावू नका. पोलिसांना दाखवा.

घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात बाहेर झालेली चोरीही बऱ्याचदा धरतात. पण आधी खिशातून भरायची रक्कम 500 किंवा 1000 डॉलर असेल आणि बोर्ड 450 चा, तर हाती काय येणार?

भाड्याच्या बोर्डाची गोष्ट निराळी. माझा मेहुणा पुण्याहून आला होता. सूप पिऊन बाहेर आलो तर त्याचा बोर्ड गायब. रॅकवर तसाच, त्याच रंगाचा, त्याच दुकानाचा बोर्ड होता, फक्त चिकटपट्टीवरचा नंबर वेगळा. चोरी नव्हतीच, कुणीतरी चुकून आपला समजून त्याचा नेला होता. तासाभराने तो माणूस ओशाळून परत आला म्हणून निभावलं, नाहीतर भरपाई मेहुण्याच्या कार्डावर पडली असती. भाड्याबरोबर जो जादा संरक्षणाचा पर्याय विकतात, त्यात अनेकदा फक्त मोडतोड येते, चोरी येत नाही. सही करण्याआधी विचारा. तेव्हापासून भाड्याचा बोर्ड घेतला की बायकोच्या जुन्या ओढणीची केशरी पट्टी बाइंडिंगला बांधतो. असली अदलाबदल टाळायला ती कुलपाइतकीच कामाची, आणि फुकट.

स्वतःचा साधा बोर्ड असेल तर कुलूप पुरे. 700 डॉलरचा नवा कोरा असेल तर कुलूप आणि टॅग दोन्ही, शिवाय अनुक्रमांकाचा फोटो फोनमध्ये, कारण पोलीस आणि विमावाले दोघेही तोच मागतात. भाड्याचा असेल तर ओढणी आणि टोकन. रात्री मात्र यातलं काहीच नको. मोटेलच्या आवारात गाडीच्या टपावर बोर्ड राहू देऊ नका, खोलीत आणा. खाली टॉवेल अंथरा, नाहीतर पहाटे बाथरूमला जाताना गार पाण्यात पाय पडतो.