शेतीशाळा, अभ्यास गट की निवासी शिबिर: गावानं आधी काय निवडावं?

ग्रामसंघाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे थोडे पैसे आहेत, आणि पाणी, माती, जंगल यांबद्दल गावातल्या मोठ्या माणसांनी काही शिकावं असं वाटतंय. अशा वेळी बहुतेक जण आधी खर्च विचारतात. माझ्या मते आधी हे पाहावं की शिकायच्या गोष्टीचा निर्णय कोणाच्या हातात आहे. फवारणी करायची की नाही, हे ज्याचं त्याचं. नाला, गायरान, जंगल मात्र एकट्याचं नसतं.

शेतीशाळा, म्हणजे शेतातच भरणारा शेतकऱ्यांचा वर्ग, पहिल्या प्रकाराला चपखल बसते. ही पद्धत 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्तानं रुजली. जास्त फवारल्यानं तुडतुडे खाणारे मित्रकीटक मरत होते आणि तुडतुडे वाढतच होते, म्हणून शेतकऱ्यांना बांधावर बसवून दोन्ही मोजायला शिकवलं. आपल्याकडे 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. त्यानंतर तरी या मोजण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

चांगल्या वर्गात भाषण नसतं. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून पाहायची. दोनात अळी निघाली, म्हणजे दहा टक्के, तर औषधाचा विचार. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरी तोच इशारा. ज्यानं स्वतः बोंड फोडलंय, त्याला कृषी केंद्रावाल्याला ‘कशासाठी देता?’ असं विचारायची हिंमत येते. वाईट वर्गात मात्र बॅनर, फोटो, नाश्ता आणि सह्या. दोन्हींचं नाव शेतीशाळाच, त्यामुळे नावावर जाऊ नका.

एक मोठी खोट आहे: वर्ग बहुतेक सकाळी अकराला, म्हणजे बाया निंदणाला गेलेल्या असताना. निंदण, वेचणी त्याच करतात, अळी आधी त्यांनाच दिसते, आणि वर्गात बसतो सातबाऱ्यावर नाव असलेला.

अभ्यास गटाचं ठळक उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. तिथे गट फक्त चर्चा करतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, कायदा वाचतो. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. हे अंतर फार कामाचं आहे, कारण गटात हरायचं-जिंकायचं नसल्यानं माणूस मोकळेपणानं शंका विचारतो. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा-वापरायचा गावाचा हक्क, मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यामागे कित्येक वर्षांचं बसणं-बोलणं आहे. पैसा जवळपास लागत नाही, चिकाटी मात्र बेसुमार लागते. चार पुढारी नि आठ पार्ट्या असलेल्या मोठ्या गावात सर्वसहमती जड जाते, तिथे वस्तीपुरता गट काढलेला बरा.

निवासी शिबिराची खरी ताकद पाहण्यात आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी गेलं, की ऐकून न पटलेली वस्तू डोळ्यांसमोर असते. पण दोन माणसं जाऊन येतात, आठवडाभर सांगतात, मग पेरणी लागते. वरुड तालुक्यात 2016 च्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत शिकण्याला धार होती, कारण प्रशिक्षणापाठोपाठ पंचेचाळीस दिवसांचं काम ठरलेलं होतं. परतल्यावर कोणत्या तारखेला काय करायचं हे ठरलं नसेल, तर शिबिराचा खर्च करू नये.

भजन-कीर्तनही सुचवलं जातं. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. वातावरण तयार करायला याच्यासारखं दुसरं नाही. बोंडातली अळी मोजायला मात्र शेतातच जावं लागतं.

तेव्हा कोरडवाहू कापसाचं गाव असेल तर शेतीशाळा आधी घ्या, जंगलपट्ट्यात असाल तर अभ्यास गट. शिबिर दुसऱ्या वर्षी, आणि पाठवायची माणसं पहिल्या वर्षी नेमानं आलेल्यांतूनच. शेतीशाळा मागताना तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या: प्लॉट रस्त्यालगतच्या मोठ्या शेतकऱ्याचा नको, मध्यम जमिनीतला हवा; पऱ्हाटी फुलावर आल्यावर वर्गाला खाडा नको; आणि बायांसाठी वर्ग दुपारच्या जेवणाच्या सुटीत, त्या कामाला असतील त्याच शेतात. तेवढ्या वेळाची मजुरी कापली जाणार नाही, हे शेतमालकाकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर कोणी थांबणार नाही.