अॅप उतरवलं, डिस्क मात्र भरलेलीच: के-थ्री-एस, हेल्म आणि लाँगहॉर्न अकरा महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मशिनींवर) महिन्याला दहा-बारा डेमो चढतात आणि साधारण तितकेच उतरतात. औषध दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दुकानदार महिनाभर वापरून बघतो, मग घेतो किंवा नको म्हणतो. प्रत्येक दुकानाला वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला स्वतंत्र कप्पा), तिच्यात आमचं अॅप, एक पोस्टग्रेस (डेटाबेस), एक रेडिस (झटपट लागणारा डेटा ठेवायला). म्हणजे चढवलेलं उतरवणं हे माझं रोजचंच काम आहे, आणि हा अनुभव फक्त त्याच कामाबद्दल लिहिते आहे. चढवण्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. उतरवताना डेटाचं काय होतं, हे मात्र मला ठेचा खाऊन शिकावं लागलं.

आमचा सेटअप आधी सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमचं ऑफिस नदीजवळ तळमजल्यावर होतं आणि सगळं काम एकाच सर्व्हरवर चालायचं. तो आम्ही रातोरात उचलून वर नेला म्हणून वाचला. त्यानंतर दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर आलो आणि गेल्या जूनमध्ये तीन साध्या मशिनींचं क्लस्टर उभं केलं. प्रत्येकात एक टीबीची एसएसडी, त्यावर के-थ्री-एस (अॅप मशिनींवर वाटून चालवणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती), अॅप लावायला हेल्म (त्याच्या साच्याला चार्ट आणि लावलेल्या अॅपला रिलीज म्हणतात) आणि साठवणीला लाँगहॉर्न. लाँगहॉर्न घेण्याचं कारण सरळ होतं: प्रत्येक व्हॉल्यूमच्या (आभासी डिस्कच्या) तीन प्रती तीन मशिनींवर राहतात, त्यामुळे एक मशीन गेलं तरी दुकानाचा डेटा जात नाही. या बाबतीत अकरा महिन्यांत एकदाही तक्रारीला जागा मिळाली नाही. दोनदा मशीन बंद पडलं, दोन्ही वेळा दुकानदाराला कळलंसुद्धा नाही.

आता उतरवण्याकडे वळते. पहिला धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला. आमच्या ज्युनिअरने एक डेमो काढला आणि म्हणाला, "ताई, अनइन्स्टॉल झालं असं दाखवतंय, पण पीव्हीसी तिथेच आहे." बरोबरच होतं त्याचं. पीव्हीसी म्हणजे अॅपने मागितलेल्या साठवणीची नोंद, तिला जोडलेली साठवण म्हणजे पीव्ही, आणि पीव्हीच्या मागे लाँगहॉर्नचा खरा व्हॉल्यूम. पोस्टग्रेससारखी गोष्ट बहुतेक चार्टमध्ये स्टेटफुलसेट (डेटा जपणाऱ्या अॅपसाठीचा कुबरनेटिसचा प्रकार) म्हणून लावतात, आणि स्टेटफुलसेटच्या टेम्पलेटमधून तयार झालेल्या पीव्हीसी हेल्मच्या यादीत नसतातच. त्या कुबरनेटिसने बनवलेल्या असतात, म्हणून हेल्म त्यांना हात लावत नाही. उलट आमच्या अॅपच्या अपलोड फायलींसाठीची पीव्हीसी चार्टमध्ये थेट लिहिलेली होती, ती मात्र हेल्मने काढून टाकली. एकाच कमांडने एक डेटा गेला आणि एक राहिला. हे कळल्यापासून काहीही काढण्याआधी मी हेल्म गेट मॅनिफेस्ट चालवून बघते की या रिलीजने नेमकं काय काय बनवलंय. दोन मिनिटं लागतात. जी पीव्हीसी थेट चार्टमध्ये आहे आणि जपायची आहे, तिला रिसोर्स पॉलिसी कीप असं अॅनोटेशन लावलं की हेल्म ती सोडून देतो.

उरलेल्या पीव्हीसीचा त्रास वेगळ्याच जागी दिसला. एका दुकानदाराने डेमो बंद केला आणि दोन महिन्यांनी परत सुरू करायला सांगितला. आम्ही त्याच नावाने चार्ट पुन्हा लावला. पोस्टग्रेसचा पॉड (चालू असलेली प्रत) व्यवस्थित उभा राहिला, पण अॅप सारखं पडत होतं, आणि लॉगमध्ये एकच ओळ, पासवर्ड चुकीचा. सिक्रेट (कुबरनेटिसमधली पासवर्ड ठेवण्याची जागा) उघडून पासवर्ड तीनदा ताडून पाहिला. अॅपकडे होता तोच सिक्रेटमध्ये होता, तरी दार उघडेना. दुपारचं जेवण टळलं तेव्हा कारण सापडलं: चार्टने नवीन लावताना नवा पासवर्ड तयार केला होता, पण स्टेटफुलसेटने त्याच नावाची जुनी पीव्हीसी उचलली होती आणि तिच्यातल्या डेटाबेसमध्ये जुनाच पासवर्ड बसलेला होता. डेटा आधीच असला की पोस्टग्रेसची इमेज (तयार पॅकेज) पासवर्ड नव्याने बसवत नाही. चूक कोणाचीच नव्हती, पण आमचे चार तास गेले. तुमच्याही बाबतीत "पुन्हा लावलं आणि पासवर्ड चालत नाही" असं झालं, तर आधी पीव्हीसीची तारीख बघा.

कुबरनेटिसमध्ये आता यावर उपाय आहे. स्टेटफुलसेट काढल्यावर किंवा त्यातले पॉड कमी केल्यावर पीव्हीसी ठेवायची की काढायची हे सांगणारी रिटेन्शन पॉलिसी १.२३ आवृत्तीत अल्फा (प्रायोगिक) म्हणून आली आणि १.३२ मध्ये पक्की झाली. काही सांगितलं नाही तर पीव्हीसी ठेवतात, आणि मला ते योग्य वाटतं. आमच्या आतल्या चाचणीच्या डेमोंना मी काढून टाकण्याची पॉलिसी लावली आहे, दुकानदारांच्या डेमोंना नाही.

दुकानदारांना का नाही, ते सांगते. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी सहानंतर ऑफिसात कोणी थांबत नाही. त्या दिवशी मीही घाईत होते आणि पाच संपलेले डेमो काढून जाऊ म्हटलं. एकेक रिलीज काढत बसण्यापेक्षा मी सरळ नेमस्पेसच डिलीट केल्या. पाचातली एक नेमस्पेस संपलेली नव्हती. रावपुऱ्यातले एक काका होते, त्यांची मुदत आम्हीच पंधरा दिवस वाढवून दिली होती आणि मी यादीत ते बघितलं नाही. नेमस्पेस डिलीट केली की तिच्यातलं सगळं जातं, पीव्हीसीसकट. पीव्हीसी गेली की पुढचं पीव्हीच्या रिक्लेम पॉलिसीवर (डेटा ठेवायचा की पुसायचा या नियमावर) ठरतं, आणि लाँगहॉर्नच्या मूळ स्टोरेज क्लासमध्ये (नव्या व्हॉल्यूमचे नियम ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ती डिलीट असते. म्हणजे पीव्ही गेली, मागचा व्हॉल्यूम गेला आणि त्याच्या तिन्ही प्रती एकदमच गेल्या. मशीन बिघडलं तर तीन प्रती उपयोगी पडतात. डिलीटचा हुकूम मात्र तिघींना एकाच वेळी पोचतो. आमचे रोजचे स्नॅपशॉट (त्या त्या वेळची डेटाची स्थिती) चालू होते, पण स्नॅपशॉट त्याच व्हॉल्यूमच्या आत राहतात, तेही त्याच्याबरोबर गेले. बाहेर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या साठवणीवर) बॅकअप पाठवण्याची सोय लाँगहॉर्नमध्ये आहे. आम्ही ती फक्त पैसे भरलेल्या ग्राहकांसाठी लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "अगं, चारशे औषधं मी हातानं भरली होती. बॅच नंबरासकट. आता?" मला उत्तर सुचलं नाही. दोन संध्याकाळी मी आणि ज्युनिअर त्यांच्या दुकानात बसलो. काका एकेक पट्टी कपाटातून काढून एक्स्पायरी वाचून दाखवायचे आणि आम्ही टाइप करायचो. काकूंनी दोन्ही दिवस चहा दिला, एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. काकांनी पुढे सॉफ्टवेअर घेतलं, पण ते आमच्या कामामुळे नाही, त्यांच्या चांगुलपणामुळे.

त्यानंतर रिक्लेम पॉलिसी रिटेन (डेटा ठेवा) ठेवलेला नवा स्टोरेज क्लास बनवला. तयार असलेल्या क्लासची पॉलिसी बदलता येत नाही, नवा क्लासच करावा लागतो. शिवाय आधीच बनलेल्या पीव्हींवर त्याचा काही परिणाम होत नाही, त्या प्रत्येकीला वेगळं पॅच करावं लागतं. आमच्या छत्तीस होत्या, एका दुपारी सगळ्या केल्या.

रिटेनमुळे झोप लागू लागली, पण डिस्क भरू लागली. जानेवारीत, उत्तरायणाच्या सुट्टीनंतर, नवीन डेमोचा व्हॉल्यूम लागेचना. डिस्कवर प्रत्यक्ष जागा भरपूर दिसत होती. लाँगहॉर्न जागा देताना व्हॉल्यूमचा मागितलेला आकार धरतो, आत प्रत्यक्ष किती भरलंय ते धरत नाही. आमचा प्रत्येक व्हॉल्यूम २० जीबीचा, तीन प्रती म्हणजे ६० जीबी. लाँगहॉर्नच्या स्क्रीनवर डिटॅच्ड (कशालाच न जोडलेले) असे २३ व्हॉल्यूम पडून होते, सगळे जुन्या डेमोंचे. म्हणजे प्रत्येक मशिनीवर ४६० जीबी नुसती अडवलेली. ज्युनिअरने त्यांच्या पीव्ही आधीच काढून टाकल्या होत्या आणि त्याला वाटलं होतं की डेटाही गेला. रिटेन असताना पीव्ही काढली तरी मागचा व्हॉल्यूम तसाच राहतो. त्याला कोणी हे सांगितलंच नव्हतं, सांगायला मी हवी होते.

आता आमची पद्धत अशी आहे. डेमो काढला की पीव्ही रिलीज्ड अवस्थेत जाते. तिच्यात क्लेमचं (म्हणजे पीव्हीसीचं) आणि नेमस्पेसचं जुनं नाव टिकून असतं, त्यामुळे हा डेटा कोणाचा होता ते लगेच कळतं. या अवस्थेत ती कोणाही नव्या क्लेमला आपोआप जोडली जात नाही. दुकानदार परत आला तर तिच्यातला क्लेमरेफ (जुन्या पीव्हीसीचा उल्लेख) काढून टाकायचा आणि नवी पीव्हीसी तिचं नाव देऊन जोडायची, डेटा जसाच्या तसा मिळतो. पंधरा दिवस वाट बघतो, दुकानदाराला फोन करून विचारतो आणि मग त्या पीव्हीची पॉलिसी रिटेनवरून डिलीट करतो. एवढं केलं की पीव्ही आणि तिच्यामागचा व्हॉल्यूम दोन्ही नीट निघून जातात, कुठे काही लोंबकळत राहत नाही. या साऱ्या अकरा महिन्यांत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

अडकलेल्या डिलीटबद्दल थोडं. पीव्हीसी टर्मिनेटिंगवर थांबून राहिली की नेटवर पहिलं उत्तर मिळतं, फायनलायझर काढून टाका. आमच्याकडे एकदा एक पीव्हीसी तासभर तशीच लटकली. ज्युनिअर ती कमांड पेस्ट करून एंटर दाबणार होता, मी त्याचा हात धरला. डिस्क्राइब करून पाहिलं तर यूज्ड बायच्या ओळीत रात्रीच्या बॅकअपचा पॉड दिसला. एनएफएस तुटल्यामुळे तो पॉड अडकला होता आणि त्याने व्हॉल्यूम धरून ठेवला होता. पॉड काढला, काही सेकंदांत पीव्हीसी आपोआप गेली. फायनलायझर म्हणजे "अजून कोणीतरी वापरतंय, थांब" असं सांगणारी खूण आहे. ती ओरबाडून काढली तर नोंद जाते आणि खरा व्हॉल्यूम मागे बेवारस राहू शकतो. फायनलायझर हातानं काढायची वेळ आमच्यावर एकदाच आली: डेटाबेसचा ऑपरेटर (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) आधी काढला आणि त्याने बनवलेले कस्टम रिसोर्स (त्याच्या खास नोंदी) मागे राहिले. त्यांचे फायनलायझर सोडवणारा कोणी उरलाच नव्हता, त्यामुळे नेमस्पेस जाईना. आधी रिसोर्स, मग ऑपरेटर, असा क्रम पाळला असता तर हे झालंच नसतं. आणि चार्टच्या सीआरडी फोल्डरमधून आलेल्या सीआरडी (कस्टम रिसोर्सच्या व्याख्या) हेल्म कधीच काढत नाही, त्या तुम्हालाच काढाव्या लागतात. पण सीआरडी काढली की तिचे सगळे रिसोर्सही जातात, म्हणून ते सर्वांत शेवटी.

अख्खं चाचणी क्लस्टर एकदा मोडलं. लाँगहॉर्न काढायला त्याच्या सेटिंगमध्ये डिलीटिंग कन्फर्मेशन फ्लॅग आधी ट्रू करावा लागतो, नाहीतर अनइन्स्टॉल पुढे जात नाही. पहिल्यांदा चिडचिड झाली, पण काकांच्या प्रसंगानंतर मला हा अडसर हवाच वाटतो. के-थ्री-एसची अनइन्स्टॉल स्क्रिप्ट मात्र काही विचारत नाही. ती क्लस्टरचा डेटा आणि लोकल पाथवरचे (त्याच मशीनच्या डिस्कवरचे) व्हॉल्यूमसुद्धा घेऊन जाते. तिथे काही ठेवलं असेल तर आधी बाहेर काढा.

तीन-चार मशिनी आणि एक-दोन माणसं एवढ्यात हे सगळं चालवणाऱ्यांना मी हा संच बिनधास्त सुचवीन. पाचपैकी चार. एक गुण कापते तो स्क्रीनसाठी. हेल्मचं रिलीज, त्याच्या पीव्हीसी, त्यांच्या पीव्ही आणि मागचे व्हॉल्यूम हे सगळं एकाच जागी, एकाखाली एक, मला अजून कुठे दिसलेलं नाही. तोवर आमच्या ऑफिसात फळ्यावर एक तक्ता आहे: दुकानाचं नाव, डेमो काढल्याची तारीख, फोन केला का, आणि डेटा जाण्याची तारीख. चौथा रकाना फक्त मी भरते, आणि तिसरा भरलेला असल्याशिवाय भरत नाही.