पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा : लुब्रिकंट, मॉइश्चरायझर की इस्ट्रोजेन क्रीम?

तासगाव-कवठेमहांकाळकडून मिरजेच्या दवाखान्यात आलेली पन्नाशीची बाई गुडघेदुखी सविस्तर सांगते. योनीमार्गाच्या कोरडेपणाचा विषय मात्र सहसा तिच्या ओठांवर येत नाही. पाळी सलग 12 महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्या काळात अंगातून अचानक येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरतात. परंतु इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटल्याने योनीमार्गाचे अस्तरच पातळ होत असल्यामुळे कोरडेपणा, खाज आणि जळजळ उपचाराविना सहसा कमी होत नाही.

त्रास केवळ संबंधाच्या वेळी होत असेल, तर लुब्रिकंट पुरेसे ठरते. ते त्या वेळेपुरतेच घर्षण कमी करते. पाळी पुरती थांबलेली नसेल आणि निरोध वापरात असेल, तर पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारित लुब्रिकंट घ्यावे, कारण तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. खोबरेल तेलही त्यातच आले. चालता-बसतानाही जळजळ होत असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी लावायचे योनीमार्गासाठीचे मॉइश्चरायझर अधिक उपयोगी पडते. या दोन्हींना डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. मात्र त्यांनी अस्तर पूर्ववत होत नाही.

ते काम योनीमार्गात वापरायचे इस्ट्रोजेन करते. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा, अशी ही क्रीम किंवा योनीमार्गात ठेवायची गोळी वापरतात. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि बंद केल्यास त्रास बहुधा परततो. वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्गही तिने कमी होतो, हा फायदा उरलेल्या दोन्ही पर्यायांत नाही. ‘हार्मोन’ या शब्दाला बिचकून अनेक जणी वर्षानुवर्षे केवळ लुब्रिकंटवर भागवतात. वास्तविक कमी मात्रेच्या या क्रीममधून रक्तात जाणारे इस्ट्रोजेन फारच थोडे असते. म्हणूनच तिने गरम वाफा कमी होत नाहीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.

सुगंधी साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुण्याने कोरडेपणा वाढतो; हळद सांगलीची असली, तरी तिचा लेप तिथे नको. पाळी गेल्यानंतर अंगावरून थोडेसे जरी रक्त गेले, तर तिन्हींपैकी काहीही निवडण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.