दोन डगरींवर हात ठेवणारा प्रश्नसंच

अकरावी-बारावीची कला शाखा आणि तलाठी-पोलीस भरती, दोन्ही एकाच पुस्तकात उरकू पाहणारा सामाजिक शास्त्रांचा हा जाडजूड प्रश्नोत्तर संच सध्या रत्नागिरी-चिपळूणकडच्या दुकानांत पुढेच मांडलेला असतो. प्रश्नांची निवड चांगली. उत्तरं मात्र तपासून घेतल्याशिवाय पाठ करू नयेत.

भूगोल सगळ्यात सरस. 'कोकणातील नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश का आढळत नाहीत?' याला बहुतेक गाईडांत 'नद्या वेगवान आहेत' एवढंच उत्तर मिळतं. इथे साखळी पुरी आहे: सह्याद्री समुद्राला जवळ, म्हणून वाशिष्ठी-शास्त्रीसारख्या नद्या आखूड, उतार तीव्र, गाळ पसरायला सपाटी थोडी, आणि मुखाशी भरती-ओहोटी आलेला गाळ हलवत राहते, म्हणून खाड्या. जांभ्याचंही तसंच. मुसळधार पावसात सिलिका आणि चुना झिरपून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात, त्यातल्या लोहामुळे कातळ तांबडा. चिऱ्याची खाण पाहिलेल्या पोराला हे घोकावं लागत नाही.

अर्थशास्त्रात घोळ आहे. 'मागणीतील विस्तार' आणि 'मागणीतील वृद्धी' यांच्या आकृत्यांची चक्क अदलाबदल झाली आहे. फक्त किंमत उतरली की बिंदू त्याच वक्रावर खाली सरकतो, तो विस्तार. किंमत तीच राहून आवड, उत्पन्न अशा दुसऱ्या कारणाने मागणी वाढली की अख्खा वक्र उजवीकडे सरकतो, ती वृद्धी. मे महिन्यात हापूसचा दर पडला आणि गिऱ्हाइकाने एकाऐवजी दोन डझन नेले, हा विस्तार. अक्षय्य तृतीयेला दर तोच असून पेट्या जास्त उठल्या, ही वृद्धी. पुस्तकातली आकृती तशीच उतरवली तर आकृतीचे गुण जातातच, वर स्पष्टीकरण तिच्याशी जुळत नाही म्हणून तेही अंगाशी येतं.

इतिहासात चवदार तळ्याच्या सत्याग्रहापुढे 25 डिसेंबर 1927 छापलंय. ती तारीख मनुस्मृती दहनाची. तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा. दोन्ही घटना महाडच्या आणि एकाच वर्षातल्या, त्यामुळे गल्लत होते, आणि भरतीच्या पर्यायांत नेमक्या याच दोन तारखा शेजारी बसवता येतात. खोतीवर, म्हणजे गावचा सारा खोतामार्फत वसूल करण्याच्या कोकणातल्या जुन्या पद्धतीवर, जेमतेम चार ओळी. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेलं विधेयक आहे, पण 1949 चा खोती निर्मूलन कायदाच गाळलाय. कोकणात विकायच्या पुस्तकात हे कसं चालावं?

राज्यशास्त्रात मूलभूत हक्क सात दिलेत. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा हक्क त्या यादीतून गेला आणि कलम 300अ खाली नुसता कायदेशीर हक्क उरला. आता हक्क सहा. जुनी जुळणी न वाचता पुन्हा छापल्यावर असंच होणार. समाजशास्त्र, मानसशास्त्र बेताचंच. व्याख्या आहेत, उदाहरणं नाहीत.

मूळ दुखणं वेगळंच. भरतीला नाव-साल लागतं, बोर्डाच्या 'सकारण स्पष्ट करा'ला कारणांची मांडणी लागते, आणि इथे भूगोल सोडला तर दोघांना एकच दीड ओळीचं उत्तर वाढलंय. म्हणून बारावीच्या मुलांनी उत्तर पट्टीने झाकावं, प्रश्न वहीत सोडवावा आणि मग पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा ताडायला पैसे पडत नाहीत. नुसती भरती करणाऱ्यांना शेवटचा वस्तुनिष्ठ भाग पुरे. तेवढ्यासाठी अख्खं पुस्तक नवं घेण्यात अर्थ नाही, जुन्या पुस्तकांत मिळालं तर बघावं.

घेतलंच तर घरी नेण्याआधी झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या. बांधणी नुसत्या गोंदाची आहे, आषाढातल्या दमट हवेत पहिली सुटतात ती मधली पानं, म्हणजे नेमका भूगोल.